रोडपालीचे पोलाद आणि गागोद्याची वाट

पनवेलहून मुंब्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कळंबोलीला लागून रोडपाली वसले आहे. मूळचे हे आगरी वस्तीचे गाव. भाताची खाचरे, खाडीच्या अंगाची ओलसर जमीन आणि गावाचे तळे, एवढाच त्याचा विस्तार होता. पुढे सिडकोने जमिनी घेतल्या, सेक्टर पाडले, इमारती उभ्या राहिल्या, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर गाव शहरात जमा झाले. तळे मात्र अजून आहे. सकाळी त्याच्या काठाने वयस्कर माणसे फेऱ्या मारतात, आणि त्याच वेळी पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून पोलादाने लादलेले ट्रेलर घरघरत लोखंड-पोलाद बाजाराकडे वळतात.

हा बाजार आपल्या समाजाला परका नाही. मुंबईच्या कर्नाक बंदर आणि दारूखाना भागातला लोखंडाचा व्यापार गर्दीमुळे कळंबोलीला हलवला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर आपली कितीतरी कुटुंबे खाडी ओलांडून इकडे आली. आधी पुरुष मंडळी सकाळी येऊन संध्याकाळी परतत. मग घरे घेतली गेली, घरांपाठोपाठ देरासर व उपाश्रय आले, पाठशाळा सुरू झाल्या. आज रोडपालीच्या कितीतरी घरांत न्याहारीच्या वेळी भाव विचारला जातो तो पत्र्याचा, नाहीतर सळईचा.

अशा गावात पोलादाची एक सायकल घरी आणावी यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. आमच्या घरात मात्र नवल झाले, कारण ती दुकानातून उचलून आणलेली नव्हती. अंगाचे माप देऊन, पुण्याच्या एका कारागिराकडून ती हाताने बांधून घेतली होती आणि तिच्यासाठी सात महिने थांबावे लागले होते. आमच्या वडिलांनी उभी हयात दारूखान्यात आणि कळंबोलीत लोखंड विकण्यात घालवली. त्यांनी फ्रेम एका हाताने उचलून पाहिली आणि विचारले, “वजन किती?” मी म्हणालो, “दोन किलोला थोडे कमी.” ते म्हणाले, “म्हणजे बाजारभावाने शंभर-सव्वाशे रुपयांचा माल. बाकीचे पैसे कशाचे दिलेस?”

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्तही होता. आमच्या बाजारात पत्र्याची एक मोठी गुंडाळी वीस टनांची असते. तेवढ्या वजनात अशा दहा हजार फ्रेम बसतील. जो माल आम्ही टनावर विकतो, त्याच्या दोन किलोंना स्कूटरहून अधिक किंमत का यावी, याचे उत्तर शोधताना मला माझ्याच धंद्यातल्या वस्तूची नव्याने ओळख झाली.

साधी काळी सायकल ज्या पोलादाची असते ते सौम्य पोलाद. त्याची ताकद बेताची, म्हणून नळी जाड ठेवावी लागते, आणि सगळी सायकल वीस किलोंच्या घरात जाते. वडिलांच्या तरुणपणी मुंबईत हिंद सायकल धावत असे. तिचा कारखाना वरळीला होता, आणि १९८० साली संसदेने कायदा करून तो राष्ट्रीयीकृत केला. वडील त्याच सायकलवरून उगराणीला जात. तिने पोती वाहिली, माणसे वाहिली, पण चढावर ती हातानेच ढकलावी लागे.

हलक्या सायकलीचे पोलाद निराळे. त्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम अल्प प्रमाणात मिसळलेले असते. क्रोमियम सुमारे एक टक्का, तर मॉलिब्डेनम त्याच्या पाचव्या हिश्शाइतके. एवढ्याने त्याची ताकद इतकी वाढते की नळीची जाडी निम्म्याहून कमी करता येते. शिवाय ही नळी सर्वत्र सारखी जाड नसते. जोडाच्या दोन्ही टोकांना ती सुमारे ०.८ मिलिमीटर असते आणि मधल्या भागात ०.५ मिलिमीटर. जिथे ताण येतो तिथे धातू ठेवायचा आणि जिथे येत नाही तिथला काढून घ्यायचा, ही युक्ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली पेटंट केली. त्यांच्याच कंपनीने १९३५ साली मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेली ‘५३१’ नावाची नळी बाजारात आणली, आणि पुढची कित्येक दशके जगातले शर्यतपटू तिच्यावर धावले. इटलीत मिलानच्या कोलंबस कंपनीचाही या कामात तेवढाच लौकिक आहे. आता शर्यतीत कार्बनच्या सायकली आल्या आहेत. पण हाताने फ्रेम बांधणारे बहुतेक कारागीर अजून पोलादच पसंत करतात, कारण ते कापता येते, जोडता येते, वाकले तर सरळ करता येते, आणि तडा गेला तर तेवढी एक नळी काढून दुसरी बसवता येते.

कारागिराच्या कार्यशाळेत मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटले होते की तो रंग विचारील. त्याने माझी उंची, पायाची आतली लांबी, धड, हात आणि खांद्यांची रुंदी मोजली, जुन्या दुखापतीची चौकशी केली, आणि मग विचारले, “शेठ, ही सायकल घेऊन तुम्ही नेमके जाणार कोठे? आणि कोणाबरोबर?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते. चातुर्मास संपला की आठ महिने आपले साधू-साध्वी विहारात असतात. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये त्यांच्या वाटा पनवेलवरून जातात. कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होतो. त्यावर पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना मज्जाव आहे. मग उरतो शीव-पनवेल रस्ता आणि जुना पुणे रस्ता. दोन्हींवर ट्रेलर, टँकर आणि बसगाड्यांची रीघ. विहारात असताना वाहनाची धडक बसून साधू-साध्वी कालवश झाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी हळहळतो. म्हणून ठिकठिकाणी श्रावक मंडळी विहारसेवेला जातात. आमच्या भागातही आम्ही काही जण पहाटे साध्वीजींच्या मागे, वाहनांच्या बाजूला राहून चालतो. माझ्या सायकलीचे काम तेथे होते. लाल दिवा आणि चकाकणारा पट्टा लावून ती सर्वांत मागे असावी, म्हणजे येणाऱ्या चालकाला दुरूनच कळावे की पुढे माणसे आहेत.

कारागिराने हे ऐकून वहीत काही आकडे खोडले. शर्यतीच्या सायकलीत मागचे चाक बैठकीच्या अगदी जवळ घेतात, मागच्या नळ्या जेमतेम ४१० मिलिमीटरच्या ठेवतात. अशी सायकल चपळ असते, पण पायी चालणाऱ्याच्या वेगाने नेली तर लटपटते. त्याने त्या नळ्या ४४० मिलिमीटरच्या धरल्या, पुढच्या चिमट्याचा कोन थोडा सैल केला, आणि ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर मडगार्डसह बसतील एवढी जागा ठेवली. मागे छोट्या कॅरिअरसाठी व दिव्यासाठी पोलादाची कानशिले झाळून दिली. मापाची सायकल म्हणजे केवळ अंगाचे माप नव्हे, हे तेव्हा समजले. तिच्याकडून कोणते काम घ्यायचे, हे तिच्या मालकाला आधी ठरवावे लागते.

पुढे दोन वेळा मी ती घडताना पाहिली. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फटीशिवाय बसावे म्हणून कारागीर ते कानसीने कोरतो. प्रकाशासमोर धरून पाहतो, पुन्हा कोरतो. नळ्या साच्यात आवळल्या की सांध्याला फ्लक्सचा लेप देतो आणि गॅसच्या ज्योतीने तापवतो. पितळी काडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला वितळते, पोलाद वितळायला त्याहून सहाशे अंश अधिक लागतात. त्यामुळे नळी शाबूत राहते आणि पितळ सांध्यात ओढले जाऊन पसरते. ताप कमी पडला तर पितळ वरच राहते, अधिक झाला तर अर्ध्या मिलिमीटरची नळी जळून जाते. ही पारख डोळ्यांची आहे. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या ज्योतीपाशी मिळाले. घरी येऊन त्यांना सांगितले, “बाकीचे पैसे नजरेचे दिले.” ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बाजारातल्या त्यांच्या एका जुन्या मित्राला सायकल दाखवायला घेऊन आले.

आपल्या घरात अशी वस्तू आणायची तर दोन-तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. हाताने बांधलेल्या पोलादी सायकलीवर चामड्याची बैठक आणि हँडलला चामड्याची पट्टी लावण्याची विलायती प्रथा आहे. इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीच्या चामडी बैठका तर या छंदातल्या लोकांचा अभिमान. आपण त्या घेणार नाही. मात्र त्याच कंपनीची रबर आणि सुती कापडाची ‘कँबियम’ नावाची बैठक मिळते, आणि हँडलसाठी सुती फीत पुरते. कारागिराला हे आधीच सांगावे. बाटलीत उकळलेले पाणी भरून घ्यावे. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते, म्हणून पाकीट वाचल्याशिवाय तोंडात टाकू नये. खाखरा, सुखडी आणि मनुका यांनी शंभर किलोमीटर सहज पार पडतात.

वेळेचा हिशेबही आपला निराळा. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो, म्हणजे आठच्या सुमारास पहिले पाणी. तोवर वीस-पंचवीस किलोमीटर होऊन जातात आणि गार हवेत त्याचा त्रास होत नाही. उन्हाळ्यात मात्र हाच नियम शरीराला जाणवतो, तेव्हा अंतर कमी ठेवावे. लांब पल्ल्याच्या उपक्रमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास देतात. पहाटे सहाला निघालेला माणूस संध्याकाळी साडेसातपर्यंत पोहोचला तरी चालते. पण ज्याला चोविहार पाळायचा आहे, त्याचे खाणे-पिणे डिसेंबरात सहाच्या आतच संपले पाहिजे. याने वेग वाढत नाही, नियोजन सुधारते. कोणत्या गावात किती वाजता काय घ्यायचे, हे आदल्या रात्री लिहून ठेवण्याची सवय मला याच कारणाने लागली.

या सायकलीवरून मी सर्वांत आवडीने जातो ती वाट गागोद्याची. रोडपालीहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. पहाटे तळ्याला वळसा घालून निघावे. कासाडी नदीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला काही दिवस रसायनांचा वास असतो. वरच्या अंगाच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. मोटारीच्या काचेआड हा वास कळत नाही. सायकलवर तो थेट छातीत जातो, आणि आपण ज्या उद्योगांवर पोट भरतो त्यांचा उच्छ्वास कसा असतो हे समजते. कळंबोलीचे मोठे चौक ओलांडून पनवेल, मग पळस्पे फाटा. येथे पुण्याचा रस्ता डावीकडे राहतो आणि गोव्याचा महामार्ग दक्षिणेला निघतो.

पहिले गाव शिरढोण, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. तेथून कर्नाळ्याचा चढ लागतो. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका समोर येतो आणि रस्ता पक्षी अभयारण्याच्या झाडीत शिरतो. अभयारण्य अवघे बारा चौरस किलोमीटरचे, पण झाडीत शिरताच हवा बदलते. पोलादी सायकलीचे सुख या चढात कळते. जोर दिला की फ्रेम किंचित लवते आणि पुन्हा उसळते. कडेच्या खडबडीत पट्ट्यावरचा हादरा मनगटापर्यंत येईतो निम्मा होतो. यात काही अंश रुंद टायरांचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चेनचा बारीक आवाज सोडला तर सायकल गप्प असते, म्हणून पक्षी ऐकू येतात.

खिंडीपलीकडे तारा, मग खारपाड्याला पाताळगंगेचा पूल. पुढे हमरापूर परिसरात आणि पेणमध्ये वर्षभर गणेशमूर्तींचे साचे भरले जात असतात. पेणहून खोपोलीच्या दिशेने वळले की महामार्गाची गर्दी मागे पडते, डोंगर जवळ येतात आणि गागोदे येते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म या गावात झाला.

आपल्यापैकी अनेकांना विनोबा भूदानामुळे ठाऊक आहेत. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून सुरू झालेली ती यात्रा तेरा वर्षांहून अधिक काळ पायी चालली. त्यांचे आपल्या समाजावर आणखी एक ऋण आहे. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या वेळी, १९७४ साली, जैनांच्या सर्व प्रमुख संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा असा ध्यास विनोबांनी घेतला. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले, दिल्लीच्या संगीतीत निरनिराळ्या संप्रदायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले, आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. श्वेतांबर आणि दिगंबर यांनी एकाच पोथीला मान डोलवावी, हे जैन नसलेल्या एका कोकणी माणसाच्या आग्रहामुळे घडले. १९८२ साली पवनारला त्यांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला, तो दिवस दिवाळीचा, म्हणजे महावीरांच्या निर्वाणाचा होता. त्यांच्या जन्मस्थानासमोर सायकल टेकवून उभे राहिले की या सगळ्याची संगती लागते. ज्या माणसाने देश पायाने मोजला, त्याला पायी विहार करणाऱ्यांचा धर्म जवळचा वाटला असेल तर त्यात आश्चर्य नाही.

परतीच्या वाटेवर मनात नेहमी एक प्रश्न असतो, आणि तो सायकल घरी आली त्या दिवसापासून आहे. अपरिग्रहाचे व्रत ऐकत वाढलेल्या माणसाने एवढी किमती वस्तू बाळगावी का? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. मी स्वतःपुरते तीन नियम घालून घेतले आहेत. ही आली तेव्हा घरातल्या दोन जुन्या सायकली बाजारातल्या माथाडी कामगारांच्या मुलांना दिल्या. दुसरी घ्यायची नाही. आणि ज्या आठवड्यात विहारसेवा असेल, त्या आठवड्यात आधी ते काम, मग स्वतःचा फेरफटका. छंदाची वस्तू सेवेला लागली म्हणून परिग्रह नाहीसा होत नाही, पण त्याला मर्यादा पडते. आपल्या श्रावकाचाराने गृहस्थाला परिमाण सांगितले आहे ते याचसाठी.

पावसाळा आला की वेगळी काळजी. कोकणचा पाऊस, खाडीचा खारा वारा आणि पोलाद यांचे वैर आमच्या बाजारातला प्रत्येक जण जाणतो. उघड्यावरचा माल दोन सरींत तांबूस होतो. म्हणून फ्रेमच्या आतून जवसाच्या तेलाचा हात फिरवून घ्यावा, बैठकीची नळी वंगण लावून बसवावी, आणि तळाच्या सांध्याचे छिद्र मोकळे ठेवावे, म्हणजे आत गेलेले पाणी निथळते. पण चातुर्मासात मी सायकल फारशी काढतच नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर गोगलगायी, पैसे, मृगाचे किडे आणि लहान खेकडे उतरलेले असतात. साधूंसाठी ईर्यासमिती सांगितली आहे, जुवाएवढी पुढची जमीन पाहत चालण्याची. पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या चाकाला ती पाळता येत नाही. ते महिने पायी चालण्याचे.

हे पोलाद टिकेल किती, असे मी कारागिराला सायकल घेताना विचारले होते. त्याने सांगितले की अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक हादऱ्याने थोडे थकत जाते, पोलादाचे तसे नाही. ठरावीक मर्यादेखालचा ताण ते कितीही वेळा सोसते. गंज लागू दिला नाही तर शंभर वर्षेही टिकेल. मग हसून म्हणाला, “पण शेठ, माप तुमचे आहे.”

हे वाक्य मला एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक लक्षात राहिले. बारा भावनांतली पहिली अनित्य भावना. शंभर वर्षे टिकणारी वस्तू अशा शरीराच्या मापाने बांधलेली आहे, जे शंभर वर्षे टिकणार नाही. माझा मुलगा माझ्याहून चार इंच उंच आहे, त्याला ती कधी बसणार नाही. पुढे कधीतरी ती माझ्याच उंचीच्या कोणा अनोळखी माणसाकडे जाईल. मी कारागिराकडे एवढेच लिहून ठेवले आहे की तेव्हा ती विकू नये, विहारसेवेत चालणाऱ्या एखाद्याला द्यावी. मागचा लाल दिवा तिच्याबरोबरच द्यावा.